उत्तर दिशेचे मोजमाप

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा पूर्वेतिहास असावा, देणगीदारांचे ऋण मान्य केलेले असावे, जुन्या कार्यकर्त्यांची छायाचित्रे असावीत, हे रीतीस धरूनच आहे. त्यांत ध्रुवाकडील प्रदेशांवर एक लेख पाहून एखाद्या सभासदाने भुवया उंचावल्या, तर आम्ही त्यांस दोष देणार नाही. आपले इंदूर २२ अंश ४३ कलांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्याही किंचित दक्षिणेस. येथे बर्फाची ओळख ती उन्हाळ्यात गोळ्याच्या गाडीवर किंवा सराफ्यातील शिकंजीच्या दुकानी. पौषात चार दिवस कडाक्याचे गेले की आपण शाली, कानटोप्या काढतो, आणि थंडी तीच समजतो.

तरीपण मराठी घरांत उत्तर ध्रुवाचे नाव परके नाही. लोकमान्य टिळकांचा वेदांतील आर्क्टिक मूलस्थानाविषयीचा इंग्रजी ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून, ग्रंथ न वाचलेल्यांसही, ‘टिळकांनी आर्यांचे घर उत्तर ध्रुवापाशी ठरविले’ एवढे ठाऊक असते. ऋग्वेदातील दीर्घ उषा, सहा महिन्यांचा दिवस व सहा महिन्यांची रात्र यांचे उल्लेख जुळवून टिळकांनी तो सिद्धान्त मांडला. पुढील संशोधकांनी तो स्वीकारलेला नाही. परंतु मंडईतल्या माणसालाही ध्रुवाविषयी कुतूहल वाटावे एवढे काम त्या ग्रंथाने निःसंशय केले. टिळकांचा प्रश्न होता, हजारो वर्षांपूर्वी हे घर कोणाचे होते? आज आम्ही ज्या गृहस्थांची ओळख करून देणार आहोत, त्यांचा प्रश्न निराळा. हे घर आज कोणाचे आहे, आणि तेथे काय बांधावयाचे, काय खणावयाचे, हे कोणी ठरवावयाचे? हा प्रश्न विचारीत त्यांनी सारे आयुष्य घालविले.

त्यांचे नाव लुई-एदमों आमलँ. फ्रेंच लिपीत नावाच्या आरंभी ‘ह’ आहे, पण तो उच्चारावयाचा नसतो. कॅनडातील क्वेबेक प्रांतात, सँ-दिदास नावाच्या खेड्यात, २१ मार्च १९२३ रोजी त्यांचा जन्म झाला. क्वेबेक शहरातील लावाल विद्यापीठात त्यांनी प्रथम अर्थशास्त्राचा अभ्यास केला आणि नंतर फ्रान्समध्ये ग्रनोब्ल येथे जाऊन, राऊल ब्लांशार या नामांकित भूगोलज्ञांच्या परंपरेत, भूगोलाची डॉक्टरेट मिळविली. ब्लांशार हे आल्प्स पर्वताचे अभ्यासक. प्रदेश पायाखाली घातल्याशिवाय त्यावर लिहू नये असे मानणारी ती शाळा होती. १९५१ पासून आमलँ लावाल विद्यापीठात शिकवू लागले. १९५५ साली तेथे भूगोलाची स्वतंत्र संस्था उभी राहिली, तिचे ते पहिले संचालक. पुढच्याच वर्षी क्वेबेकच्या भूगोलास वाहिलेले एक नियतकालिक निघाले, त्यामागेही तेच होते. १९६१ साली त्याच विद्यापीठात उत्तरेच्या अभ्यासाचे केंद्र स्थापन झाले आणि १९७२ पर्यंत त्यांनी त्याचे संचालकपद सांभाळले. ते केंद्र आजही चालू आहे. हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर, जेथे क्री आणि इनुइट हे दोन समाज एकमेकांच्या शेजारी राहतात त्या गावी, त्याचे संशोधनस्थान आहे.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. क्वेबेकमधील लोक फ्रेंच बोलणारे, आणि सभोवतालचा देश बहुतांशी इंग्रजी बोलणारा. आपण माळव्यात राहून मराठी जपणारी माणसे. शब्दांविषयीची असली जागरूकता आपणांस लगेच उमजेल. आमलँ यांना शब्द घडविण्याचा मोठा नाद होता, आणि तो हौसेचा नव्हता. फ्रान्समध्ये घडलेल्या भाषेत हिमनद्यांसाठी शब्द होते, कारण आल्प्समध्ये हिमनद्या आहेत. पण क्वेबेकच्या दारातून वाहणाऱ्या सेंट लॉरेन्स नदीत दर हिवाळ्यास जे बर्फाचे तुकडे तरंगत जातात, त्यांच्या साऱ्या व्यापारास एक नाव नव्हते. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यालगतचे पाणी गोठते, तळाचे धोंडे त्या बर्फात घट्ट अडकतात; भरती आली की बर्फ धोंड्यांसकट वर उचलला जातो, प्रवाहाबरोबर दूर जातो, आणि वितळला की धोंडे तेथे टाकून मोकळा होतो. किनाऱ्यावर ओळीने मांडल्यासारखे दगड दिसतात ते कोणी मांडलेले नसतात. या तरत्या बर्फासाठी व त्याच्या कामासाठी आमलँ यांनी ‘ग्लासिएल’ हा शब्द बनविला व तो शास्त्रात रुळला. आमच्याकडे सावरकरांनी ‘दिनांक’ व ‘महापौर’ हे शब्द दिले, ते आज कोणाचे म्हणून कोणी विचारीतही नाही. चांगल्या शब्दाचे भाग्य असेच असते.

त्यांचा सर्वांत गाजलेला शब्द मात्र ‘नॉर्दिसिते’. मराठीत त्यास ‘उत्तरपण’ म्हणता येईल. जसे माणूसपण, गावपण, तसे उत्तरपण. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी या कल्पनेची मांडणी केली, आणि १९७५ साली कॅनडाच्या उत्तरपणावरील त्यांचा ग्रंथ फ्रेंच भाषेत निघाला. त्यास त्या देशातील गव्हर्नर जनरलांच्या नावाचा वाङ्मय-पुरस्कार मिळाला, आणि विल्यम बार यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले.

कल्पना अशी. उत्तर म्हणजे काय, असे शाळेतील मुलास विचारले तर तो नकाशाच्या वरच्या बाजूकडे बोट दाखवील. सरकारी कचेरीत विचारले तर एखादे अक्षवृत्त दाखवितील, साठावे नाहीतर सहासष्टावे. आमलँ म्हणाले, हे पुरेसे नाही. लंडन शहर ५१ अंशांच्या थोडे पुढे आहे, आणि कॅनडातील जेम्स उपसागराचे दक्षिण टोकही ५१ अंशांच्याच आसपास आहे. लंडनच्या बागेत हिवाळ्यातही हिरवळ असते. जेम्स उपसागर महिनोन्‌महिने गोठलेला असतो आणि त्याच्या काठी पांढरी अस्वले फिरतात. एकच अक्षांश, पण एकास उत्तर म्हणणे हास्यास्पद आणि दुसऱ्यास न म्हणणे चुकीचे.

म्हणून त्यांनी परीक्षेतल्याप्रमाणे गुण देण्याची पद्धत काढली. विषय दहा, प्रत्येकास शंभर गुण, एकूण एक हजार. पहिले सहा विषय निसर्गाचे: अक्षांश, उन्हाळ्याची ऊब, वर्षभरातील थंडीचा साठा, बर्फाचे प्रकार, पाऊस व हिम मिळून होणारी वृष्टी, आणि वनस्पतींचे आच्छादन. उरलेले चार माणसाचे: जमिनीने वा पाण्याने तेथे पोहोचण्याची सोय, विमानाची सोय, राहणारी वस्ती, आणि आर्थिक व्यवहार. अक्षांशाच्या विषयात ४५ अंशांस शून्य आणि ध्रुवास शंभर. वृष्टीचा हिशेब मात्र उलटा वाटेल. जितकी ती कमी, तितके गुण अधिक, कारण अतिउत्तरेकडील प्रदेश हा थंड असला तरी वाळवंटासारखा कोरडा असतो. घनदाट अरण्य असेल तर शून्य, उघडा खडक असेल तर पूर्ण गुण. माणूस मुळीच राहत नसेल तर वस्तीच्या विषयात शंभरपैकी शंभर. अशा रीतीने प्रत्यक्ष उत्तर ध्रुवास एक हजार गुण मिळतात. या गुणांस त्यांनी ‘ध्रुवीय मूल्ये’ असे नाव दिले.

दोनशे गुण जेथे होतात तेथे उत्तरेची सीमा. दोनशे ते पाचशे ही मध्य उत्तर, पाचशे ते आठशे दूरची उत्तर, आणि त्यापलीकडे अतिउत्तर. ही दोनशेची रेषा नकाशावर काढली तर ती अक्षवृत्तासारखी सरळ जात नाही. कोठे हडसन उपसागराच्या गारठ्याने खाली ओढली जाते, कोठे वर सरकते. (वाचकांपैकी कोणास इंदूरचे गुण काढावयाचे असतील तर त्यांनी श्रम घेऊ नयेत, पहिल्याच विषयात शून्य पडून पुढेही फारशी आशा नाही.)

या पद्धतीतील खरी खुबी शेवटच्या चार विषयांत आहे. अक्षांश बदलत नाही, पण रस्ता होतो. १९४२ साली युद्धाच्या गरजेपोटी अलास्काकडे जाणारा मोठा रस्ता व्हाइटहॉर्स या गावावरून गेला. थंडी होती तेवढीच राहिली, परंतु गाव जगाशी जोडले गेले, वस्ती वाढली, व्यवहार वाढला. आमलँ यांच्या हिशेबाने अशा गावाचे उत्तरपण घटते. म्हणजे उत्तर ही जागची हलते, आणि तिला हलविणारा माणूस असतो. आणि खाण बंद पडून लोक निघून गेले तर उत्तर परतही येते.

याचे उदाहरण शेफरव्हिल. क्वेबेकच्या अंतर्भागात लोखंडाच्या खनिजाचे साठे सापडले. किनाऱ्यावरील सेत-इल बंदरापासून पाचशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा लोहमार्ग रानातून काढला गेला. तो १९५४ साली पुरा झाला. पुढच्या वर्षी नगर वसले, घरे झाली, शाळा झाल्या, विमानतळ झाला. १९८२ साली कंपनीने खाणकाम थांबविले, आणि बाहेरून आलेली कुटुंबे बिऱ्हाडे बांधून परत गेली. मागे राहिले ते इनू लोक, ज्यांचा तो मुलूख खनिज सापडण्यापूर्वीही होता. गिरणी बंद पडल्यावर भोवतालच्या चाळींचे काय होते, हे इंदूरकरांस आम्ही सांगावयास नको. फरक एवढाच की गिरणीच्या चाळीतील माणसास निदान शहर सोडावे लागत नाही.

आता या गुणपद्धतीवर आक्षेप घेता येत नाहीत असे नाही. दहाही विषयांस सारखेच वजन का द्यावे? उन्हाळ्याची ऊब आणि विमानाची सोय ही एकाच तागडीत कशी तोलावयाची? आणि आम्हांस सर्वांत मोठा वाटणारा आक्षेप असा की ‘पोहोचण्याची सोय’ म्हणजे कोणाची सोय? क्वेबेक शहरातून निघणाऱ्या प्राध्यापकास जे गाव दुर्गम, ते तेथे जन्मलेल्या इनुइट बाईस घराचा उंबरठा आहे. तिच्या दृष्टीने क्वेबेकच दुर्गम. स्वतः आमलँ यांस या अडचणीची जाणीव होती असे त्यांच्या पुढील लेखनावरून दिसते. उत्तरपण हे जमिनीवर असते तसेच मनातही असते, दक्षिणेच्या माणसाच्या मनातील उत्तर आणि तेथील रहिवाशाच्या मनातील उत्तर ही दोन निराळी असतात, हे ते आग्रहाने मांडीत. १९९९ साली त्यांनी तेथील मूळच्या लोकांकडे पाहण्याच्या दृष्टीवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ, ‘तित्तिराच्या जवळून जावे आणि तो दिसू नये’ असा आहे. माळव्याच्या शेतांतून हिंडलेल्यास ही उपमा पटेल. तित्तिर पायाशी असतो, रंगाने मातीत मिसळलेला; गावचा पोर तो पाहतो, शहरचा पाहुणा पुढे निघून जातो.

केवळ पुस्तके लिहून ते थांबले नाहीत. १९७१ ते १९७५ या काळात वायव्य प्रदेशांच्या विधिमंडळाचे नियुक्त सभासद म्हणून त्यांनी काम केले. हा विस्तीर्ण मुलूख त्या वेळी ध्रुवसागरातील बेटांपर्यंत पसरलेला होता आणि त्याची राजधानी यलोनाइफ. भूगोलाचा प्राध्यापक मंडळात बसून तेथील लोकांच्या प्रतिनिधींबरोबर कायदेकानूंची चर्चा करतो, हे दृश्य आपल्याकडे विरळच. १९७८ ते १९८३ या काळात ते त्र्वा-रिव्हिएर येथील विद्यापीठाचे कुलगुरू होते.

त्यांच्या याच कर्तृत्वाच्या वर्षांत क्वेबेकच्या उत्तरेत एक मोठे प्रकरण घडत होते, आणि ते सांगितल्यावाचून उत्तरपणाचा व्यवहारातला अर्थ कळावयाचा नाही. एप्रिल १९७१ मध्ये प्रांताचे मुख्यमंत्री रोबेर बुरासा यांनी जेम्स उपसागरास मिळणाऱ्या नद्यांवर प्रचंड जलविद्युत् योजना जाहीर केली. वीज हवी होती दक्षिणेतील शहरांस व कारखान्यांस. नद्या होत्या क्री आणि इनुइट लोकांच्या शिकारीच्या व मासेमारीच्या मुलखात. त्या वेळी तेथे सुमारे पाच हजार क्री आणि साडेतीन हजार इनुइट राहत होते. त्यांस कोणी विचारले नव्हते. दक्षिणेच्या नकाशावर तो प्रदेश रिकामा होता. ते न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यायमूर्ती आल्बेर मालूफ यांनी काम थांबविण्याचा हुकूम दिला. आठवडाभरातच वरिष्ठ न्यायालयाने तो उठविला. परंतु आता सरकारास बोलणी करणे भाग पडले, आणि ११ नोव्हेंबर १९७५ रोजी करार झाला. भरपाईची रक्कम साडेबावीस कोटी डॉलर ठरली, आणि शिकारीचे हक्क, शाळा व आरोग्य यांची व्यवस्था यांत त्या लोकांस अधिकार मिळाले. आमलँ यांचा उत्तरपणाचा ग्रंथ निघाला ते वर्ष हेच.

धरणे झाली. ला ग्रांद नदीवरील पहिले मोठे वीजघर १९७९ साली सुरू झाले. पुढे असे आढळले की नव्या जलाशयांत बुडालेली झाडेझुडपे व माती कुजू लागल्यावर तेथील पारा माशांच्या अंगात उतरतो, आणि मासे हेच ज्यांचे अन्न त्या क्री लोकांस मासे बेताने खा असे सांगण्याची पाळी आली. १९८४ साली कानियापिस्को नदी ओलांडताना सुमारे दहा हजार रेनडिअर बुडून मेले. नदीतील पाणी त्या वेळी फार चढलेले होते, आणि त्याचा दोष जलाशयाच्या व्यवस्थेकडे जातो की अतिवृष्टीकडे, यावर पुष्कळ वाद झाला.

हे वाचताना आपणांस नर्मदा आठवली असेल. इंदूरच्या नळास १९७८ पासून जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरांवरून, नर्मदेचे पाणी चढवून आणले जाते, आणि त्याविना या शहराचा एक दिवस निघणार नाही. त्याच नदीच्या खोऱ्यात इंदिरासागर धरणासाठी हरसूद हे नांदते गाव २००४ साली रिकामे करावे लागले; निमाडातील कित्येक गावे सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली. आम्ही धरणांच्या विरुद्ध बोलत आहोत असे कोणी समजू नये. पाणी पिणाराने पाण्याविरुद्ध काय बोलावे? पण पाणी जेथून येते तेथे कोण राहत होते, हे ठाऊक असणे, आणि बांधण्यापूर्वी त्यास विचारणे, या दोन गोष्टी उपकाराच्या नव्हेत, हिशेबाच्या आहेत. आमलँ यांच्या दहा विषयांत ‘राहणारी वस्ती’ हा विषय आहे तो याच हिशेबापायी, असे आम्हांस वाटते.

२०११ साली क्वेबेकच्या सरकारने उत्तरेच्या विकासाची पंचवीस वर्षांची नवी योजना जाहीर केली: खाणी, वीज, रस्ते मिळून आठ हजार कोटी डॉलरांची, बारा लक्ष चौरस किलोमीटरांच्या प्रदेशासाठी. त्या प्रदेशात सुमारे एक लक्ष वीस हजार लोक राहत होते, त्यांपैकी तेहतीस हजार मूळ समाजांचे. गंमत अशी की योजनेची दक्षिण सीमा ४९ वे अक्षवृत्त ही ठरविण्यात आली. ज्या माणसाने पन्नास वर्षे खर्चून केवळ अक्षवृत्ताने उत्तर ठरत नाही हे शिकविले, त्याच्याच प्रांतात ही सरळ रेषा ओढली गेली. आमलँ त्या वेळी अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. ११ फेब्रुवारी २०२० रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ‘नॉर्दिसिते’ हा शब्द फ्रेंच शब्दकोशांत आहे.

आपल्या देशाचाही आता उत्तरेशी प्रत्यक्ष संबंध आहे. नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड बेटांवर, नी-आलेसुंद येथे, जवळजवळ ७९ अंश उत्तरेस, भारताने २००८ साली ‘हिमाद्रि’ हे संशोधनकेंद्र उघडले. त्याची सूत्रे गोव्यात, वास्को येथील ध्रुवीय व सागरी संशोधनाच्या राष्ट्रीय केंद्रातून हलतात. तेथील बर्फाच्या वितळण्याचा आपल्या मोसमी पावसाशी काय संबंध आहे, हा आपल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय. सोयाबीन पेरणाऱ्या माळव्यास तो दूरचा वाटू नये. २०१३ साली भारतास आर्क्टिक परिषदेत निरीक्षकाचे स्थान मिळाले, आणि मार्च २०२२ मध्ये सरकारने आपले आर्क्टिक धोरण प्रसिद्ध केले. त्याच्या सहा स्तंभांपैकी एक ‘आर्थिक व मानवी विकास’ हा आहे. ध्रुववृत्ताच्या आसपासच्या प्रदेशांत आज सुमारे चाळीस लक्ष माणसे राहतात, त्यांत दहांतील एक मूळ समाजांचा. या माणसांविषयी जाणणारा मनुष्य हवा असेल तर तो भूगोलाच्या वर्गातून येईल, आणि आमच्याकडे भूगोल घेणाऱ्या मुलास नातेवाईक अजूनही ‘दुसरे काही मिळाले नाही का?’ असे विचारतात.

आपल्या समाजातील कितीतरी घरची मुले आज कॅनडात शिकत आहेत वा नोकरीस आहेत. बहुतेक टोरांटो किंवा व्हँकुव्हरकडे, म्हणजे आमलँ यांच्या दोनशेच्या रेषेच्या पुष्कळ खाली. तेथून उणे वीस अंशांच्या गोष्टी दूरध्वनीवर येतात तेव्हा इकडे आजीचा जीव वर-खाली होतो. कोणाचा मुलगा वा मुलगी मॉन्ट्रियलला असेल, तर त्यांनी खोली गरम ठेवणारी वीज कोठून येते एवढे एकदा विचारून पाहावे. ती बहुतकरून हजार किलोमीटर उत्तरेकडून, ला ग्रांद नदीवरून येते.